देवाच्या इच्छेनुसार चालण्यातील आनंद : नव्या विश्वासणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बाप्तिस्मा घेतल्यानंतर, किंवा अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मंडळीत येऊ लागल्यावर, बहुतेकांच्या मनात पहिले काही महिने एकच प्रश्न घोळत असतो : माझ्या आयुष्याविषयी देवाची इच्छा काय आहे आणि ती मला कळणार कशी? हा प्रश्न घेऊन पाळकांकडे येणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजी अधिक दिसते. नोकरी कोणती धरावी, लग्न कोणाशी करावे, गाव सोडून पुण्या-मुंबईला जावे की नाही, अशा एखाद्या निर्णयात आपण चुकलो तर देवाची योजना कायमची हातातून जाईल, अशी भीती त्यामागे असते. याउलट, देवाच्या इच्छेप्रमाणे वागण्यात आपल्याला हर्ष वाटतो असे ४० व्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो, आणि पित्याची इच्छा पूर्ण करणे हेच आपले अन्न आहे असे येशू योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शिष्यांना सांगतो. त्या भीतीकडून या हर्षाकडे कसे यावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण पहिली पायरी गाळून थेट आज्ञापालनाकडे वळलेली माणसे लवकर थकलेली मी मंडळीत पाहिली आहेत.

पहिली पायरी : आपला स्वीकार आधीच झाला आहे, हे समजून घ्या

दहा आज्ञा निर्गमच्या २० व्या अध्यायात आहेत, पण तो अध्याय आज्ञेने सुरू होत नाही. मिसर देशातून, दास्याच्या घरातून तुला बाहेर काढणारा परमेश्वर तुझा देव मीच आहे, असे देव आधी सांगतो आणि मग आज्ञा देतो. इस्राएल लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून त्यांची सुटका झाली नाही. सुटका झालेल्यांना आज्ञा मिळाल्या. नव्या करारातही हाच क्रम आहे. योहानाच्या १५ व्या अध्यायात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, येशू शिष्यांना प्रथम सांगतो की पित्याने माझ्यावर जशी प्रीती केली तशी मी तुमच्यावर केली आहे. त्यानंतर आज्ञा पाळून त्या प्रीतीत राहा असे म्हणतो. आणि लगेच पुढे, आपला आनंद शिष्यांमध्ये असावा व त्यांचा आनंद परिपूर्ण व्हावा म्हणून आपण हे बोललो, असा हेतूही उघड करतो. प्रीती, आज्ञापालन, आनंद, अशा या क्रमात प्रीती पहिली आहे. आज्ञा पाळून देवाची प्रीती कमवायला निघालेल्या माणसाला आनंद मिळणे कठीण असते, कारण आपण पुरेसे केले की नाही हा हिशेब त्याच्या मनात कधी संपतच नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे फार उपयोगी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या, त्यांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला होता, परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करून विधवांसाठी त्या अहोरात्र झटत होत्या. तरीही पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण स्वतः ख्रिस्त सापडलेला नाही. काम चांगले होते, हेतू शुद्ध होता, आणि तरी अंतःकरण तहानलेले होते. आपण आहोत तशा त्याच्याकडे येऊ शकतो, हे त्यांनी स्वीकारले तेव्हा त्यांच्या साक्षीचा सूर पालटतो आणि तिच्यात आनंद भरून येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमार झालेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणले, त्यांचे अन्न, वस्त्र, शिक्षण आणि आजारपण सांभाळले, ते सारे यानंतरचे आहे. कष्ट कमी झाले नव्हते, उलट वाढलेच होते.

म्हणून पहिल्या आठवड्यात काही नवे करू नका. लूकच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला रोज सावकाश वाचा, आणि विशेषतः मोठ्या मुलाचे बोलणे नीट ऐका. तो घर सोडून कधी गेला नाही, बापाची आज्ञा त्याने मोडली नाही, पण इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली असे तो बापाला सुनावतो. तो मुलगा असून चाकरासारखा राबला. आपल्या प्रार्थनेत त्या मोठ्या मुलाचा सूर आहे का, हे स्वतःला विचारा आणि असल्यास तसे देवाला स्पष्ट सांगा.

दुसरी पायरी : जे आधीच सांगितले आहे ते वाचा

नव्या विश्वासणाऱ्याला सर्वात मोठा दिलासा येथे मिळतो. देवाच्या इच्छेचा फार मोठा भाग गुप्त नाही, तो लिहून ठेवलेला आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की तुमचे पवित्रीकरण व्हावे ही देवाची इच्छा आहे, आणि पाचव्या अध्यायात सदोदित आनंद करणे, निरंतर प्रार्थना करणे व सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करणे ही देवाची इच्छा असल्याचे सांगतो. मीखाच्या सहाव्या अध्यायात न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवाबरोबर नम्रपणे चालणे एवढे मागितले आहे. यांपैकी एकही गोष्ट कळण्यासाठी स्वप्न, दृष्टान्त किंवा आकाशवाणी लागत नाही.

वाचनाची पद्धत साधी ठेवावी. प्रथम मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. त्याचे १६ अध्याय आहेत आणि रोज एक वाचल्यास अडीच आठवड्यांच्या आत ते पूर्ण होते. नंतर थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र घ्यावे. जोडीला रोज एक स्तोत्र वाचावे. सकाळी घरात वर्दळ सुरू होण्याआधीची वीस मिनिटे पुरेशी आहेत. ज्यांना पहाटेची लोकल पकडावी लागते किंवा रात्रपाळी असते त्यांनी जेवणाच्या सुटीत वाचले तरी काही बिघडत नाही. जुन्या वळणाचे पवित्र शास्त्र जड वाटत असेल तर सोप्या मराठीतील आवृत्ती घ्यावी. एक वही जवळ ठेवून तिच्यात रोज तीनच गोष्टी लिहाव्यात : या भागात देव कसा दिसतो, तो माझ्याकडून काय मागतो, आणि त्यांपैकी आज मी काय करू शकतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीपेक्षा मोठे असू नये.

एक सवय मात्र सुरुवातीलाच टाळावी. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे, बोट पडेल ते वचन त्या दिवसाचा निर्णय मानायचे, असे काही जण करतात. अनेक घरांत वचनांच्या चिठ्ठ्यांची पेटी असते आणि त्यातील वचन धीर देण्यासाठी चांगलेच आहे, पण घर विकावे की नाही हे त्या चिठ्ठीवरून ठरवू नये. वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी सांगितले गेले, हे मागचा-पुढचा भाग वाचल्याशिवाय कळत नाही.

तिसरी पायरी : कळलेली एक गोष्ट त्याच दिवशी करा

योहानाच्या १३ व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि म्हणतो की या गोष्टी तुम्हांला समजतात, तर त्या केल्याने तुम्ही धन्य व्हाल. धन्यता समजण्याला जोडलेली नाही, करण्याला जोडलेली आहे. माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनात हीच पायरी सर्वात अधिक फळ देणारी आहे, आणि उपदेश ऐकून समाधान मानण्याची सवय आपल्याकडे इतकी पक्की झालेली आहे की हीच सर्वात अधिक दुर्लक्षितही आहे.

गोष्ट लहान असावी आणि नेमकी असावी. सर्वांवर प्रीती करीन असा संकल्प संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पण जमिनीच्या वाटणीवरून ज्या भावाशी बोलणे बंद आहे त्याला आज फोन करीन, हे करता येते. दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेले पैसे नेऊन देणे, कार्यालयात दुसऱ्याने केलेले काम आपल्या नावावर गेले असेल तर वरिष्ठांना खरे सांगणे, घरी कामाला येणाऱ्या बाईंचा पगार ठरलेल्या तारखेला देणे, सासूबाईंच्या आजारपणात रात्री जागणे, मुलावर उगाच ओरडलो असेन तर त्याची क्षमा मागणे, अशा गोष्टी वहीत याव्यात. लूकच्या १९ व्या अध्यायातील जक्कय हा जकातदार उंबराच्या झाडावर चढला तो केवळ येशूला पाहण्यासाठी; येशूने त्याला नावाने हाक मारली, त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले, आणि जक्कयाने आनंदाने त्याचे स्वागत केले. त्यानंतर अर्धे द्रव्य गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे तो स्वतःहून बोलला. तेथे येशूने रक्कम सांगितली नव्हती. ज्याच्या घरी प्रभू आला आहे त्याला पैसे परत करणे शिक्षेसारखे वाटत नाही.

केल्यावर लगेच आनंद जाणवेलच असे नाही. भाऊ फोन उचलणार नाही, वरिष्ठ नाराज होतील, पैसे परत केल्यावर घरात वाद होईल. त्या रात्री वहीत जे झाले ते लिहावे, देवाला सांगावे आणि झोपावे. काही आठवड्यांनी मागची पाने वाचली की मनातील ओढ बदललेली दिसू लागते : पूर्वी ज्या गोष्टी टाळाव्याशा वाटत होत्या त्यांतील काही आता कराव्याशा वाटतात. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आनंद हे आत्म्याच्या फळात प्रीतीच्या पाठोपाठ सांगितले आहे, आणि फळ धरायला ऋतू जावा लागतो.

चौथी पायरी : प्रार्थनेत खरे बोला

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे आपण दर रविवारी म्हणतो. तीच प्रार्थना गेथशेमाने बागेत येशूने स्वतः केली तेव्हा तो व्याकूळ झाला होता, जमिनीवर पालथा पडला होता, आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर हे त्याने आधी मागितले होते. आपली इच्छा काय आहे हे लपवून देवाच्या इच्छेला होकार देता येत नाही. ज्यांना बदलीचा हुकूम आला आहे, ज्यांचे ठरलेले लग्न मोडले आहे, ज्यांना मूल हवे आहे आणि होत नाही, त्यांनी मला हे असे हवे आहे असे देवापुढे स्पष्ट म्हणावे, आणि नंतर, शक्य होईल तेव्हा, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे असे म्हणावे. या दोन वाक्यांमध्ये कधी एक श्वास जातो, कधी कित्येक महिने जातात. येशूनेही तेच शब्द पुन्हा जाऊन उच्चारले होते. इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय सांगतो की त्याच्यापुढे ठेवलेल्या आनंदासाठी त्याने वधस्तंभ सहन केला. आनंद आणि वेदना एकाच आज्ञापालनात असू शकतात, हे तेथे दिसते.

पाचवी पायरी : जेथे स्पष्ट आज्ञा नाही तेथे निर्णय कसा घ्यावा

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल आधी शरीर जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करण्यास सांगतो, मग मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ देण्यास सांगतो, आणि त्यानंतर देवाची उत्तम, ग्रहणीय व परिपूर्ण इच्छा काय आहे हे समजून येईल असे म्हणतो. म्हणजे आधीच्या चार पायऱ्यांवर चालणाऱ्याचे मन निर्णयासाठी हळूहळू तयार होत असते. याकोबाच्या पत्राप्रमाणे ज्ञान उणे असेल तर ते देवाजवळ मागावे, आणि मागून झाल्यावर विचारही करावा; विचार करणे हा अविश्वास नव्हे.

व्यवहारात असे करावे. प्रथम, समोरच्या पर्यायात वचनाच्या विरुद्ध काही आहे का ते पाहावे. लाच देऊन मिळणारी नोकरी कितीही प्रार्थना केली तरी देवाची इच्छा ठरणार नाही. दुसरे, आपल्याला नीट ओळखणाऱ्या दोघा-तिघा प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचारावे, आणि त्यात आपल्याशी नेहमी सहमत होणारेच नसावेत. तिसरे, आपली कुवत, जबाबदाऱ्या आणि देवाकडून मिळालेली कृपादाने यांचा हिशेब करावा. घरी अंथरुणाला खिळलेली आई असताना परदेशी जावे का, हा प्रश्नही प्रार्थनेचाच भाग आहे. इतके करून दोन्ही वाटा चांगल्या दिसत असतील तर आपल्या आवडीप्रमाणे निवडावे आणि निवडीबद्दल देवाचे आभार मानावेत. ही मोकळीक अनेकांना ठाऊकच नसते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल विधवेविषयी म्हणतो की तिच्या इच्छेला येईल त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये व्हावे. मर्यादा सांगितली आहे, आणि तिच्या आत निवड तिची आहे.

निर्णय घेतल्यावर दार बंद झाले तर घाबरू नये. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल व त्याचे सोबती आसिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला निघाले तेव्हा पवित्र आत्म्याने त्यांना रोखले, बिथुनियाकडे वळले तेव्हाही तसेच झाले, आणि मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त दिसला. चालता चालता वाट बदलली गेली. दोन योजना फसल्या म्हणून ते देवाच्या इच्छेबाहेर गेले नाहीत. लोकरीवर दव पडावे आणि भोवतालची जमीन कोरडी राहावी असे गिदोनाने देवाकडे मागितले, तशी चिन्हे मागण्याचा मोह होतो, पण गिदोनाला काय करायचे ते आधीच सांगितलेले होते आणि तो खात्री मागत होता, हे शास्ते पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे.

येथे दोन गोष्टींविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. तू अमक्याशी लग्न कर, तुझी बचत अमक्या सेवेला दे, असे प्रभूने मला सांगितले आहे, असे म्हणून कोणी दबाव आणत असेल, तर तो कितीही मोठा सेवक असला तरी घाई करू नका. आपल्या पाळकांना व घरच्यांना सांगा आणि वचनाने पारखा. दुसरे, नवऱ्याची मारहाण किंवा घरातील छळ सोसत राहणे ही देवाची इच्छा आहे, असे कोणाही बहिणीला सांगू नये, आणि कोणी सांगितले तर तिने ते मानू नये. तिने सुरक्षित ठिकाणी जावे, कायद्याची मदत घ्यावी, आणि मंडळीने तिच्या पाठीशी उभे राहावे.

सहावी पायरी : आनंद जाणवत नाही तेव्हा

असे दिवस येतात, आणि ते आले म्हणजे आपला विश्वास खोटा आहे असे ठरत नाही. १३ व्या स्तोत्रात कोठवर, हे परमेश्वरा, असा आक्रोश पुन्हा पुन्हा येतो आणि तो पवित्र शास्त्रातच आहे. तरुण माणूस गेलेल्या घरी जाऊन ही देवाची इच्छा होती असे पटकन म्हणून मोकळे होणारे लोक भेटतात; आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला, हे त्या वेळी आठवावे आणि शांत बसून राहावे. झोप, भूक आणि उत्साह कित्येक आठवडे हरपले असतील तर डॉक्टरांकडे जावे. औषध घेणे हे प्रार्थनेच्या विरुद्ध नाही.

कधी आनंद हरपण्याचे कारण वेगळे असते. योना संदेष्टा देवाच्या आज्ञेपासून आधी पळाला, दुसऱ्या वेळी मात्र त्याने ती पाळली, निनवेत जाऊन संदेश दिला, शहराने पश्चात्ताप केला, आणि तो रुसून बसला, कारण देवाने ज्यांच्यावर दया केली ते लोक त्याला नको होते. आपल्या सेवेत चिडचिड वाढली असेल तर देव कोणावर करत असलेली दया आपल्याला खुपते आहे, हे शोधावे.

घरच्यांचा विरोध हे नव्या विश्वासणाऱ्याच्या दुःखाचे मोठे कारण असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला पुढे सुमारे पाच वर्षे गेली. टिळकांचे दुःख खरे होते आणि लक्ष्मीबाईंचेही तितकेच खरे होते. घरातून जो विरोध होतो तो बहुधा जखमी प्रेमाचा असतो. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांची पूर्वीहून अधिक सेवा करावी, सणावारी त्यांना भेटणे टाकू नये, आणि विचारतील तेव्हा सौम्यपणे उत्तर द्यावे.

सातवी पायरी : एकटे चालू नका

पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते तेव्हा ते दोघे होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते. रविवारची उपासना, प्रभुभोजन, आठवड्याची घरगुती प्रार्थनासभा, यांपैकी काही चुकवण्याची सवय लागू देऊ नये. मराठी मंडळ्यांना टिळकांच्या भजनांचा मोठा ठेवा लाभला आहे. ती टाळ-पेटीवर मोठ्याने म्हणावीत, आवाज चांगला नसला तरी म्हणावीत, कारण जे मनाला अजून वाटत नाही ते कधी कधी इतरांच्या आवाजात आधी म्हटले जाते. याशिवाय आपल्याहून दहा-पंधरा वर्षे अधिक विश्वासात चाललेली एक व्यक्ती निवडावी, पुरुषांनी पुरुष आणि स्त्रियांनी स्त्री, आणि महिन्यातून एकदा ती वही घेऊन तिच्याजवळ बसावे. कोणत्या आज्ञा पाळता आल्या, कोणत्या टाळल्या, कोणत्या करताना मन हलके झाले, हे तिला वाचून दाखवावे आणि शेवटी दोघांनी प्रार्थना करावी.

पहिला महिना असा गेल्यावर दुसऱ्या महिन्यासाठी फिलिप्पैकरांस पत्र घ्यावे. त्याचे चारच अध्याय आहेत, पौलाने ते बेड्यांत असताना लिहिले आहे, आणि आनंदाचा उल्लेख त्यात वारंवार येतो. आठवड्याला एक अध्याय, रोज तोच, आणि वहीत तेच तीन प्रश्न.